तिसरं माप

दार्सैत, मस्कत
शुक्रवार, ३ सप्टेंबर २००४

प्रिय क्लोटिल्डा,

तुझं पाकीट मंगळवारी ऑफिसात मिळालं. चार महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. आत पत्र एक पान आणि मापं दोन पानं. तक्रार करत नाही, जे आहे ते लिहितोय.

हॅलोवीनचे पोशाख इथून शिवून पाठवायचे, हे समजलं. तिथे दुकानात मिळतात ते मच्छरदाणीसारखे पातळ, आणि ऑक्टोबरअखेर मिसिसागात हाडं गोठतात. गेल्या वर्षी जेसन वाघ झाला होता, तू त्याला वरून जॅकेट घातलंस, आणि पहिल्याच दारात बाईंनी विचारलं, "तू कोण झालास?" तर म्हणाला, "जॅकेट." मी ऑफिसात मोठ्याने हसलो. मग लक्षात आलं की ही गोष्ट गेल्या ऑक्टोबरची आहे आणि मला ती आत्ता कळतेय.

तुझ्या सूचना डायरीत उतरवून घेतल्या. पोशाखच गरम हवा, त्यावर काही घालायला लागू नये. आत कपड्यांचे दोन थर मावले पाहिजेत. पायात येईल इतकं लांब नको, रस्त्यावर बर्फ असलं तर मुलं घसरतात. तोंडावर मुखवटा नको, श्वासाने ओला होतो आणि मग गार पडतो. कान झाकलेले हवेत. पंजे बाहीलाच जोडलेले, म्हणजे हरवणार नाहीत. तू हे सगळं अशा तपशिलाने लिहिलंस की ती थंडी मला इथे एक्केचाळीस डिग्रीत जाणवली.

जेसन अस्वल. मेरिल राणी, मखमलीचा झगा आणि टोपीवर मुकुट. जेसनची छाती बत्तीस वाचून मी थबकलो. नऊ वर्षांच्या मुलाची? एवढा वाढला तो?

आणि तिसरं माप. मोठ्या माणसाचं. छाती पन्नास, खांदा वीस. पोशाख दरवेशाचा: जाड अंगरखा, फेटा, खांद्यावर घोंगडी. "आपल्या लहानपणी गावात अस्वल घेऊन यायचा तसा," असं लिहिलंस. अस्वलाची दोरी धरून तो जेसनबरोबर दारोदार फिरणार. कोणासाठी ते मात्र लिहिलं नाहीस. घाईत राहिलं असेल.

शेवटी तू तेच लिहिलंस जे दर पत्रात लिहितेस. पाच वर्षांत दोन वर्षं कॅनडात राहायला हवं, तिथे पाऊल ठेवून या नोव्हेंबरात तीन वर्षं होतील, महिना संपायच्या आत मी कायमचा आलो नाही तर माझं तिथल्या कायम वास्तव्याचं कार्ड जाईल आणि आपण दोन देशांत दोन घरं होऊ. मी विसरलेलो नाही. अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, बोललो. तो सध्या सोडायला तयार नाही. प्रयत्न चालू आहेत.

मुलांना पापा.

कॉनराड

दार्सैत
शुक्रवार, १७ सप्टेंबर २००४

प्रिय क्लोटिल्डा,

चर्चमधून मिस्साहून आलो आणि लिहायला बसलो. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत नाही, आणि इंग्रजीत मला तुझ्याशी बोलल्यासारखं वाटत नाही.

रुवीतल्या सगळ्या कापडवाल्यांनी मला वेड्यात काढलं. सप्टेंबरात केसाळ, जाड, तपकिरी कापड मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी मी कोरियन ब्लँकेट घेतलं, इथून गावी जाणारा प्रत्येक जण नेतो तेच, दोन बाजूंनी मऊ. अस्वलाला त्याहून चांगली कातडी मिळणार नाही. रामकृष्ण (तुम्ही गेल्यावर फ्लॅटमधली दुसरी खोली त्यांना दिली, ते मालवणकडचे फोरमन) माझ्या हातात कात्री बघून ओरडलेच, "मेल्या, खुळो झालस काय? माझ्या आवशीन असला ब्लँकेट प्लास्टिकसकट कपाटात ठेवल्यान हा, पाच वर्सां झाली. आणि तू ह्येका कातर लावतंस?" मी सांगितलं मुलासाठी आहे. मग स्वतःच टोक धरून उभे राहिले.

दोन पोशाख महमूद टेलरकडे दिले. तिसरा दिलेला नाही. कारण नीट सांगतो, मनात ठेवणं बरं नाही.

गेल्या शुक्रवारी फोन मेरिलने उचलला. मी विचारलं, "मम्मी कुठे?" म्हणाली, "मम्मी रसेल अंकलबरोबर ग्रोसरीला गेली." मी म्हटलं, "रोज जाते?" "नाही पप्पा, रोज नाही. त्याच्याकडे व्हॅन आहे ना. आणि हीटर बंद पडला होता, तो पण तोच फिक्स केला." मी विचारलं, "तिसरा पोशाख कोणाचा आहे गं?" म्हणाली, "मम्मीने सांगितलंय सांगायचं नाही." आणि फोन जेसनला दिला. जेसन इंग्रजीत अस्वलाविषयीच बोलत राहिला.

मी मुलीला असं विचारायला नको होतं. हे मला विचारण्याआधीच माहीत होतं, तरी विचारलं.

रसेल आपल्याच गावचा. दरवेशी त्यानेही पाहिलेला. तू फक्त कोणासाठी ते लिही. एक नाव. बाकी मी काही विचारणार नाही.

कॉनराड

दार्सैत
शुक्रवार, २४ सप्टेंबर २००४

क्लोटिल्डा,

मी तुझी मागची चार पत्रं काढून पेन्सिलीने खुणा केल्या. रसेलचं नाव अकरा वेळा आलंय. माझं चार वेळा, आणि त्यातलं तीनदा "कॉनराड, तू कधी".

मे महिन्यात पाठवलेला जेसनच्या वाढदिवसाचा फोटो घेतला. त्यात रसेल दारात उभा आहे. दाराच्या चौकटीवर पट्टी ठेवून त्याचा खांदा मोजला. फोटोत माणूस थोडा वळलेला असतो, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. पण वीस इंच असू शकतो.

हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते. तरी लिहितो, कारण जे केलं ते लपवून वर तुला जाब विचारणं बरोबर नाही.

बुधवारी मी रसेलला फोन केला. तो खूश झाला. "अरे कॉनराड! किती दिवसांनी रे! तिकडे ऊन किती?" मी म्हटलं, "रसेल, तुझी छाती किती?" तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "शर्ट पाठवायचा विचार आहे, इथे चांगले मिळतात." तो म्हणाला, "कशाला रे उगाच. चव्वेचाळीस."

चव्वेचाळीस. माणूस स्वतःचं माप सहा इंचांनी कमी का सांगेल? लपवायचं असेल तरच.

तीन वर्षं मी इथे उभा आहे म्हणून तुम्ही तिथे आहात. त्या बदल्यात माझ्या मुलाची दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याचा अंगरखा मीच शिवून पाठवायचा, एवढं मोठं मन माझ्याकडे नाही. तुला ते कमी वाटत असेल तर तसं लिही.

कॉनराड

दार्सैत
शुक्रवार, ८ ऑक्टोबर २००४

प्रिय क्लोटिल्डा,

चोवीस तारखेचं पत्र तुला मिळालं, हे मेरिलकडून कळलं. "मम्मी ते वाचली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. पप्पा, तू काय लिहिलं?" मी म्हटलं, मोठ्या माणसांचं काही. "ओके," म्हणाली. तिचा ओके मला आवडला नाही.

मी ते पत्र रागात लिहिलं. पण राग आणि चूक एकच नसतात. अजून मला नाव कळलेलं नाही, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे ते कोणी लपवत नाही.

रामकृष्णांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण माणूस समोर बसून जेवतो. ते म्हणाले, "ती तुका फसवता असा तुका खरांच वाटता? की तसा वाटलेला तुका बरा पडता?" मी ताट उचलून मोरीत ठेवलं आणि त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आणखी एक सांगायचं आहे. अर्बाबने जूनमध्ये मला नवीन करार दिला होता, दोन वर्षांचा. तो टेबलाच्या खणात होता. बुधवारी, सहा तारखेला, मी त्यावर सही केली.

तू म्हणशील, मग अर्बाब सोडत नाही असं लिहिलंस ते काय होतं? ते खोटं होतं. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

तू आता कोणाबरोबर राहायचं ते ठरवलंच असशील, तर मी तिथे येऊन काय करणार, असा विचार केला. त्या वेळी तो बरोबर वाटला. आता लिहून वाचतोय तर पत्ता बदललेल्या पाकिटासारखा वाटतो, आतला मजकूर काही वेगळाच आहे. पण सही झाली ती झाली.

उद्यापरवा महमूदकडून अस्वल आणि राणी घेईन. रमजान लागला की तो ईदच्या शिलाईत बुडेल. तिसरं माप असलेला कागद चुकून त्याच्याकडेच राहिलाय, तोही आणतो. तो पोशाख मी शिवणार नाही.

कॉनराड

दार्सैत
बुधवार, १३ ऑक्टोबर २००४

क्लोटिल्डा,

काल संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर महमूदकडे गेलो. अस्वल खुंटीला टांगलं होतं. कान उभे, पंजे बाहीला शिवलेले, पोटाला फिकट तुकडा. त्याने तो स्वतःच्या मनाने लावला. येणारीजाणारी पोरं बाहेरून काचेला नाक लावून बघत होती.

मी म्हटलं, तिसऱ्याचा कागद परत दे. त्याने तो काढला आणि चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"साब, ये आदमी कौन है? मटका है क्या?"

मी म्हटलं, तुला काय करायचंय.

"नहीं, सुनो. छाती पचास, कमर अड़तालीस. और बाजू तेईस? लंबाई तिरपन? इतनी छातीवाले का बाजू इतना छोटा नहीं होता. अल्लाह ऐसा आदमी बनाता ही नहीं."

बाही आणि लांबी मी कधी वाचलीच नव्हती. छाती आणि खांदा, तेवढंच माझ्या डोळ्यांत राहिलं होतं. रसेल सहा फूट आहे. तेवीस इंचांची बाही त्याच्या मनगटाच्या बरीच अलीकडे संपेल.

महमूद पाकिस्तानातल्या मानसेहराकडचा, डोंगरातला. तो म्हणाला, "हमारे यहाँ ठंड में अंगरखा कोट के ऊपर पहनते हैं, तो नाप भी कोट के ऊपर से लेते हैं. घेर बढ़ता है. लंबाई नहीं बढ़ती. बच्चे का भी ऐसे ही लिया है, मैंने पहले दिन ही समझ लिया. आपको बताया नहीं, मुझे लगा आपको मालूम होगा."

मला मालूम नव्हतं. तेवीस वर्षं मी उघड्या अंगावर शर्ट घालणाऱ्या देशात आहे. माप अंगाचं असतं एवढंच मला ठाऊक. जेसन बत्तीसचा झाला नव्हता. त्याने जॅकेट घातलं होतं.

मग महमूदने गळ्यातली टेप काढली आणि न विचारता माझ्या खांद्यावर ठेवली. मनगटापर्यंत तेवीस. खांद्यापासून घोट्यापर्यंत तिरपन. मग त्याने कागद माझ्या हातात दिला.

त्या पहिल्या हिवाळ्यात, तीन आठवड्यांसाठी तिथे होतो तेव्हा, आपण ते निळं जाडं जॅकेट घेतलं. परतताना मी ते तुमच्या कपाटात ठेवलं, कारण मी परत येणार होतो. तू ते हँगरला लावून, बटणं बंद करून त्याच्याभोवती टेप फिरवलीस, घोट्यापर्यंतची लांबी तर तुला पाठच होती. हो ना? तू विचारू शकली असतीस. पण तीन वर्षं विचारून झाल्यावर तू एकदा न विचारता माझं माप घेतलंस, आणि मी ते ओळखतो का, ते पाहिलंस. मी ओळखलं नाही. उलट तुझ्यावर आरोप केला.

मेरिलला सांगायची मनाई का होती तेही आता कळतं.

रात्री झोपलो नाही असं लिहिणार नाही, झोपलो. पण सकाळी ऑफिसात बसून मी स्वतःला नीट विचारलं. रसेलचा संशय मला खरोखर आला होता का? थोडासा आला होता. बाकीचा मी वाढवला. तो मला उपयोगी होता. मला तिथे यायची भीती वाटते. त्या तीन आठवड्यांत गोदामात बावीस वर्षांच्या मुलाने मला खोके मोजायला शिकवलं, जणू मी बीए होऊन वीस वर्षं शिपिंगची कागदपत्रं सांभाळलीच नव्हती. बसस्टॉपवर बर्फात पडलो तेव्हा जेसन दुसरीकडे बघत उभा राहिला, मी पडलेला त्याला दिसू नये म्हणून. इथे मला सगळे कॉनराडसाहेब म्हणतात. तू वाईट निघालीस तर न येण्याचा दोष माझा राहणार नव्हता. एवढंच होतं ते.

हे पत्र पोचण्याआधी मी ते तुला फोनवर वाचून दाखवीन. तू उचललास तर.

महमूदला तिसरा पोशाख शिवायला सांगितला आहे.

कॉनराड

दार्सैत
गुरुवार, २१ ऑक्टोबर २००४

प्रिय क्लोटिल्डा,

हे पत्र पोशाखांच्या खोक्यात आहे. कुरिअरवाला म्हणतो एकोणतीसपर्यंत पोहोचेल.

शनिवारी तू फोन उचललास. मी वाचत गेलो, तू ऐकत गेलीस. वाचून झाल्यावर म्हणालीस, "रसेलला खरंच छाती विचारलीस?" मी हो म्हटलं. तू हसलीस की रडलीस ते मला लाइनवर कळलं नाही. मग म्हणालीस, "तो महिनाभर शर्टाची वाट बघतोय." शर्ट खोक्यात आहे, चव्वेचाळीस, चौकटीचा.

मग मी विचारलं, येऊ का? तू म्हणालीस, "मला तारीख सांगू नकोस. तू सांगितलेल्या तारखा माझ्याकडे पुष्कळ आहेत." आणि, "सही केलीस त्याचं काय?" मी म्हटलं, बघतो. तू फोन ठेवलास.

म्हणून काय घडलं तेवढंच लिहितो, पुढचं नाही.

सोमवारी अर्बाबकडे गेलो. त्याला सरळ सांगितलं, करार रद्द कर, मला मुलांकडे जायचंय, आणि मी परत येणार नाही. रजा मागितली असती तर सहज मिळाली असती, आणि मग तिथूनच कळवता आलं असतं. तसं करावं असं मनात दोनदा आलं. केलं नाही. तो म्हणाला, "कॉनराड, बारा दिवसांपूर्वी सही केलीस. तेव्हा का केलीस?" मी म्हटलं, बायकोवर रागावलो होतो. तो हातातली जपमाळ थांबवून हसला. म्हणाला, रागात त्याने एकदा बरका गावातली खजुराची बाग विकली, ती कधी परत मिळाली नाही. कागद परत मिळतो. त्याने तो माझ्यासमोर फाडला. मग म्हणाला, "पण ईदपर्यंत थांबायचं. सोहारहून माणूस येईल, त्याला काम समजावून दे. मग माझ्याकडून तुझा पासपोर्ट घे. खलास."

ईद चौदा नोव्हेंबरच्या आसपास. विमान एकोणीसचं आहे. ही तारीख नाही, तिकिटाची झेरॉक्स आहे, सोबत जोडली आहे. रामकृष्णांनी ती बघितली आणि म्हणाले, "आता ह्येच्यावर तरी भरवसो ठेवतली मा ती?" मी म्हटलं, मी असतो तर ठेवला नसता.

म्हणजे कार्डापुरता मी वेळेत येतो, हॅलोवीनपुरता नाही. जेसनला हे मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सो हू विल बी द बेअर मॅन?" मी म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार केला. अस्वल एकटं फिरवायचं नाही, आणि तू दरवेशी झालीस तर मेरिल आणि तिच्या मैत्रिणींबरोबर कोण जाईल. रसेलला सांग. मी त्याला वेगळं पत्र लिहिलंय, तेही खोक्यात आहे. त्यात मी त्याची माफी मागितली आहे. कशाबद्दल ते त्याला आधीच माहीत असेल तर बरं, नसेल तर तू ठरव किती सांगायचं ते.

फेटा आधी लोकरी टोपी घालून मगच बांध, कान पूर्ण झाकले जातील. घोंगडी खांद्यावर मोठ्या पिनेने अडकव, वाऱ्याने उडते. अस्वलाच्या गळ्यात दोरी बांधायची नाही, कमरेला मी पट्टा लावून घेतलाय, त्याच्या कडीत अडकवायची.

अंगरखा घेराला रसेलला होईल, जॅकेटसकट. लांबीला होणार नाही. तो माझ्या मापाचा आहे. पण महमूदने बाह्यांच्या आणि खालच्या घेराच्या आत चार बोटं कापड दुमडून ठेवलंय, कच्च्या टाक्यांनी. ते सोडलं तर त्याची मनगटं उघडी पडणार नाहीत. उसवू नकोस, मी आल्यावर मला लागेल, असं लिहिणार होतो. तीन वेळा लिहून खोडलं.

थंडी असेल. उसव.

कॉनराड